माऊस हलतोय ना, मग झालं!

अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातल्या एका घराची ऑक्टोबर २०२३मध्ये झडती झाली आणि नव्वदहून अधिक लॅपटॉप हाती लागले. गोंधळ होऊ नये म्हणून चिठ्ठ्या करून ठेवल्या होत्या. हा अमुक कंपनीचा, याच्यावर नोकरी तमुकच्या नावाची. त्या घरात राहणाऱ्या क्रिस्टीना चॅपमन या बाईंकडे मुख्य काम होतं ते हे लॅपटॉप सांभाळायचं. कंपन्यांकडून आलेले खोके उतरवून घ्यायचे, वीज-इंटरनेट जोडून द्यायचं, मशीन चालू ठेवायचं. नोकरी करणारी बोटं वेगळीच होती. ती उत्तर कोरियाच्या माणसांची, आणि ती माणसं अमेरिकेच्या बाहेर कुठेतरी बसलेली. अमेरिकी नागरिकांच्या चोरलेल्या ओळखींवर या मंडळींनी अमेरिकेतल्या ३०९ कंपन्यांत शिरकाव केला आणि १ कोटी ७० लाख डॉलरांहून जास्त कमाई झाली. जुलै २०२५मध्ये बाईंना साडेआठ वर्षांची शिक्षा झाली.

या प्रकाराला सर्रास हॅकिंग म्हटलं जातं, पण यात फोडाफोडी काहीच नाही. लॅपटॉप कंपनीनं स्वतः पाठवला, पासवर्ड स्वतः दिला, पगारही दर महिन्याला स्वतःच जमा केला. संगणक विभागानं पत्ता तपासला तर अ‍ॅरिझोना दिसायचं, आणि ते खरंही होतं. मशीन अ‍ॅरिझोनातच होतं.

कुठल्यातरी संगणकाचा पडदा आपल्यासमोर आणून त्याचा कीबोर्ड-माऊस दुरून चालवायचा, ही तशी रोजच्या वापरातली सोय. त्यासाठीची सॉफ्टवेअरं घरोघरी आहेत. प्रिंटर अडला की ऑफिसमधला आयटीवाला त्यातूनच येऊन दुरुस्ती करून जातो. पण सॉफ्टवेअर टाकलं की त्याची नोंद राहते, आणि सुरक्षा विभाग जागा असेल तर ती सापडते. म्हणून आता ही तोतया मंडळी एक डबीही वापरतात. तळहाताएवढी ही डबी एका वायरीनं लॅपटॉपच्या मॉनिटरच्या पोर्टाला लागते आणि दुसरीनं यूएसबीला. पडद्यावरचं चित्र ती इंटरनेटवरून पलीकडे पोचवते, पलीकडची बोटं इकडे आणते. लॅपटॉपला वाटतं, साधा कीबोर्ड जोडलाय. आत काही टाकलेलं नसतं, त्यामुळे सापडायलाही फारसं काही नसतं. कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून तिला केव्हीएम म्हणतात. मुळात ती सर्व्हर सांभाळणाऱ्यांसाठी झाली. सर्व्हर मध्यरात्री आडवा पडला, विंडोज किंवा लिनक्स सुरूच होईना, की दुरून आत शिरायचं सॉफ्टवेअर कुचकामी ठरतं, कारण ते चालायला आधी मशीन उठावं लागतं. ही डबी मात्र मशीन सुरू होतानाचा पहिला काळा पडदाही दाखवते. नाहीतर ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये रात्री दोन वाजता कुणालातरी रिक्षा करून जावं लागलं असतं. अशा कामाच्या वस्तूला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जून २०२५मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं १६ राज्यांतल्या २९ संशयित लॅपटॉप-अड्ड्यांवरच्या कारवाईची माहिती दिली, त्यात या डब्यांचाही उल्लेख आहे, तो मात्र ध्यानात ठेवावा.

आता मुद्द्याचं. इतक्या कंपन्यांत इतके दिवस कुणाला पत्ता कसा लागला नाही? याचं उत्तर तंत्रज्ञानात फारसं सापडणार नाही. ते हजेरी घेण्याच्या पद्धतीत आहे. करोनानंतर घरून काम सुरू झालं आणि साहेबांना भीती पडली की पोरं झोपा काढतात. मग माऊस किती वेळ हलला, किती कळा दाबल्या गेल्या, चॅटमध्ये नावापुढचा हिरवा ठिपका कधी पिवळा झाला, याचे तक्ते निघू लागले. त्यावर माऊस आपोआप हलवणारी खेळणी बाजारात आली. २०२४मध्ये वेल्स फार्गो या बड्या बँकेनं, कीबोर्ड चालू असल्याचा देखावा केल्याच्या आरोपावरून डझनाहून अधिक लोकांना घरी पाठवलं. बँकेनं शिस्त लावली असं कुणी म्हणेल. पण हिशेब माऊसचा ठेवला की माणसं हिशेबापुरता माऊस हलवणारच. आणि या मोजपट्टीवर तो परदेशातला तोतया नापास व्हायचं कारणच नाही. त्याचा माऊस खराखुरा हलतो, कामंही होतात. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया निघाला, त्याला निदान लोकांसमोर उभं राहावं लागलं होतं, ओळखणाऱ्यांच्या नजरेला नजर द्यावी लागली होती.

नो-बी-फोर ही फ्लोरिडातली कंपनी सायबर सुरक्षेचेच धडे देते. जुलै २०२४मध्ये तिलाही असा पाहुणा लाभला, आणि तिनं तो किस्सा स्वतःहून जाहीर केला, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. चार मुलाखती व्हिडिओवर झाल्या होत्या, पूर्वचौकशीत ओळख खरी निघाली होती (चोरलेली असली तरी होती खरीच), आणि फोटो कृत्रिम बुद्धिमत्तेनं घोटून बनवलेला होता. लॅपटॉप पोचला आणि लगोलग त्यावर घातक सॉफ्टवेअर चढू लागलं. सुरक्षा विभागानं विचारलं तेव्हा उत्तर आलं, राउटर हळू चालतोय, तो नीट करतोय. बरं, मग फोनवर बोलू या का? तर बोलणं जमणार नाही म्हणाला, आणि पुढे उत्तरच येईना. सुमारे पंचवीस मिनिटांत मशीन नेटवर्कपासून तोडून बाजूला काढलं गेलं. यंत्रांनी धोक्याची घंटा वाजवली हे खरं, पण पाहुण्याची पंचाईत केली ती फोनवर बोलू या, या एका साध्या प्रश्नानं.

आपला याच्याशी संबंध कसा, तर फार जवळचा. हिंजवडी-खराडीच्या इमारतींत आणि आता कोथरूड-चिंचवडच्या घरांतही, रात्रपाळीला बसून अमेरिकेतले सर्व्हर दुरून चालवणारी हजारो मुलं-मुली आहेत. त्यांचं अख्खं पोट या दूरच्या कीबोर्डवर चालतं. अ‍ॅरिझोनाचा वचपा त्यांच्यावर निघायची दाट शक्यता आहे: आणखी एक कॅमेरा, दर दहा मिनिटांनी पडद्याचा फोटो, आणखी एक तक्ता. म्हणजे ज्या मोजणीतून चोर सुटले, तीच मोजणी साधूंवर दुप्पट. ज्या टीम लीडनं हाताखालच्या माणसाशी सहा-सहा महिने चॅटपलीकडे शब्द बोललेला नाही, त्याला कुणी जाब विचारत नाही.

करायचं ते अवघडही नाही. लॅपटॉप कुरियरनं भलत्या पत्त्यावर सोडण्यापेक्षा कागदपत्रं आणि चेहरा समोरासमोर ताडून माणसाच्या हातात द्यावा. पत्ता ऐनवेळी बदलून मागितला तर पाठवणाऱ्यानं थांबावं. मशीनला नवीन कीबोर्ड लागल्याची नोंद कुणीतरी वाचावी, आणि टीम लीडनं आठवड्यातून एकदा न कळवता फोन करावा. या सगळ्याला पैसे पडतात, आणि घरून कामाच्या व्यवस्थेत कंपन्यांनी वाचवले ते नेमके हेच. साताऱ्याच्या मुलाला पहिल्या दिवशी हिंजवडीला बोलवायचं तर एसटीचं जाऊन-येऊन भाडं आणि एका दुपारचं जेवण लागेल. तेवढं कंपनीनं द्यावं.