गाडी विकणं सोपं, ती चालती ठेवणं हा खरा धंदा



बारामती, इंदापूर, भिगवण, वालचंदनगर, कुठूनही फोन येवो, गेल्या काही महिन्यांत प्रश्न एकच असतो: "सर, इलेक्ट्रिक गाड्यांची एजन्सी घेऊ का?"

माझं उत्तर ऐकून काहीजण नाराज होतात. रस्त्यावर पळणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरमध्ये मोठ्या कंपन्या उतरल्यात. त्यांची शोरूम आहेत, फायनान्स आहे, जाहिरात आहे. दोन-चार लाखांचं भांडवल घेऊन तुम्ही त्यांच्याशी भावात भांडू नका. पण बॅटरीवर चालणारी अजून एक गाडी आहे आणि तिच्याकडे आपल्या भागात धंदा म्हणून फार थोडे लोक बघतात. ती म्हणजे ज्येष्ठ आणि दिव्यांग माणसांची गाडी. कोणी मोबिलिटी स्कूटर म्हणतं, कोणी बॅटरीची तीनचाकी, तर कोणी नुसतं "बॅटरीवाली सायकल".

माझं मत स्पष्ट सांगतो. या गाडीच्या विक्रीत फार काही नाही, कारण ती ऑनलाइनही मिळते. खरी कमाई जोडणी, शिकवणी, चार्जिंग आणि देखभालीत आहे, आणि ते काम पुण्यात बसलेला माणूस काटेवाडीला येऊन करणार नाही. ते तुम्हीच करू शकता.

गाडी आहे, पण पडवीत आहे

केंद्राच्या एडिप योजनेतून, कानपूरच्या एलिम्कोमार्फत, जास्त प्रमाणात दिव्यांगत्व असलेल्यांना बॅटरीची तीनचाकी मिळते. आयआयटी मद्रासमधून निघालेल्या निओमोशनने निओबोल्ट आणलं, म्हणजे व्हीलचेअरला पुढून जोडायचं मोटारीचं चाक. ज्यांना परवडतं ते चार चाकांची मोबिलिटी स्कूटर घेतात. म्हणजे गाड्या गावागावांत पोचायला लागल्यात.

आता तुमच्याच गावात एक चक्कर मारा. कुठल्या तरी पडवीत गोणपाट टाकून झाकलेली अशी एखादी गाडी दिसेल. विचारा, काय झालं? "बॅटरी उतरली." "चार्जर जळाला." "हँडल कडक झालंय." हजार-दोन हजारांच्या कामासाठी गाडी उभी असते, आणि ज्याची गाडी आहे तो माणूस परत खाटेवर. चौकात जाणं बंद, देवळात जाणं बंद, एखाद्याचं छोटं दुकान असेल तर तेही बंद. गाडी देणाऱ्याचं काम गाडी देऊन संपतं. त्यानंतर जवळ कोणीच नसतं. ती रिकामी जागा म्हणजे तुमचा धंदा.

आणि लक्षात ठेवा, गावात बंद पडलेली एक गाडी दहा गिऱ्हाइकं तोडते. चालणारी एक गाडी दहा आणते.

विकण्याआधी टेप घेऊन घरी जा

गाडी दाखवायच्या आधी घर बघा. उंबरा किती, पायरी किती, दाराची रुंदी किती, गाडी रात्री कुठे उभी राहणार, तिथे प्लग आहे का.

उताराचं माप पाठ करा: १ ला १२. म्हणजे ६ इंचांची पायरी असेल तर उतार ६ फूट लांब पाहिजे. १ फुटाचं जोतं असेल तर १२ फूट. अंगणात तेवढी जागा नसेल तर आधी गवंड्याशी बोलणं करून द्या, गाडीचं नंतर बघा. फळी टाकून काम भागवू नका. फळी सरकली की माणूस पडतो, आणि नाव तुमचं जातं.

माणूसही बघा. नजर कशी आहे, मुठीत जोर आहे का, सांगितलेलं लक्षात राहतं का. नसेल तर घरच्यांना नीट समजावून "यांच्यासाठी ही गाडी नको, ढकलायची व्हीलचेअर घ्या" असं सांगायची हिंमत ठेवा. एक विक्री जाईल, पण ते घर तुम्हाला विसरणार नाही.

पहिला तास: जोडणी

खोका फोडून गाडी जोडायला अर्धा तास लागतो. माणसाला तीत नीट बसवायला एक तास लागतो. बहुतेक विक्रेते पहिलं करतात आणि निघतात.

सीटची उंची अशी लावा की पाय फळीवर पूर्ण टेकले पाहिजेत. हँडल एवढं जवळ पाहिजे की कोपर थोडं वाकलेलं राहील, पुढं झुकावं लागणार नाही. हाताच्या दांड्या अंगाला लागून, पण टोचणार नाहीत अशा. सीट फिरणारी असेल तर चढता-उतरताना ती लॉक होते ना, हे त्यांच्याकडूनच दहा वेळा करून घ्या.

मग मागच्या बाजूचा न्यूट्रलचा खटका. तो सोडलेला असला की मोटार आणि ब्रेक दोन्ही सुटतात आणि गाडी हातानं ढकलता येते. "गाडी चालूच होत नाही" असा फोन आला की आधी हा खटका तपासा, बऱ्याचदा तिथेच उत्तर असतं. आणि उतारावर कोणी तो सोडला तर गाडी विनाब्रेक पळते. म्हणून त्या खटक्याशेजारी मराठीत मोठ्या अक्षरात पट्टी चिकटवा: "उतारावर हात लावू नका." पाच रुपयांचं काम आहे, पण कंपनीच्या इंग्रजी पुस्तकापेक्षा जास्त उपयोगाचं.

शिकवणीचे पैसे घ्या

आपल्याकडच्या माणसाला सायकल आणि मोटारसायकलची सवय. घाबरला की तो मूठ आवळतो. बोटाच्या खटक्यावर चालणाऱ्या मोबिलिटी स्कूटरमध्ये बरोबर उलटं आहे: खटका सोडला की गाडी थांबते, दाबून धरला की पळते. हे तोंडी सांगून डोक्यात जात नाही, हाताला सवय लागावी लागते. म्हणून तीन फेऱ्या ठेवा. पहिली अंगणात, दुसरी गल्लीत, तिसरी जिथं त्यांना खरंच जायचंय तिथं: देऊळ, दवाखाना, दूध डेअरी. वेगाची कळ पहिले पंधरा दिवस कासवाच्या चित्रावर. उतार सरळ चढायचा, तिरका नाही.

आपल्या भागाचं एक वेगळं आहे. गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. ही गाडी बुटकी, उंच सीटवरच्या ड्रायव्हरला दिसत नाही. मागं उंच काठीला झेंडा, चारी बाजूंनी रिफ्लेक्टर, एक आरसा आणि मोठा हॉर्न, हे गाडीबरोबरच द्या. पाटस-बारामती-इंदापूर पालखी महामार्गावर ही गाडी चढवायची नाही, हे घरच्यांसमोर सांगा.

चार्जिंग: निम्म्या तक्रारी इथल्याच

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव. लेड-ॲसिड किंवा जेल बॅटरी उपाशी ठेवली की मरते. गाडी थोडी फिरली तरी रात्री पूर्ण चार्ज करायची, आठ-दहा तास. महिनाभर गाडी वापरली नाही तरी मध्ये चार्ज करायचीच. लिथियमला रोज पूर्ण भरायची सक्ती नसते, पण तिला उन्हाचा त्रास होतो आणि तिचा चार्जर तिलाच चालतो. जेलचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीशी खेळ.

घरच्यांना चार नियम लिहून द्या. उन्हातून आल्यावर अर्धा तास गाडी गार होऊ द्या, मग प्लग लावा. अर्थिंग असलेल्या प्लगवरच चार्ज करा, लांब एक्स्टेंशन वायर नको. चार्जरवर कपडा टाकू नका. आणि आकडा टाकून किंवा शेतीपंपाच्या लाइनवरून चार्जिंग करायचं नाही: ते बेकायदा आहेच, शिवाय व्होल्टेज वरखाली झालं की पहिला चार्जर जातो.

"लाईट बिल किती येईल?" हे प्रत्येक जण विचारणार. हिशेब तोंडपाठ ठेवा. २४ व्होल्ट आणि २० ॲम्पिअर-अवर म्हणजे ४८० वॅट-अवर, जवळपास अर्धा युनिट. चार्जरमध्ये वाया जाणारं धरून पाऊण युनिट म्हणा. युनिटला १० रुपये धरले तरी एक पूर्ण चार्ज साडेसात रुपयांत. हा हिशेब त्यांच्यासमोर कागदावर मांडा, विश्वास बसतो.

अंतराबाबत मात्र कंपनीचा आकडा जसाच्या तसा सांगू नका. आपले रस्ते, माणसाचं वजन, मे महिन्याचं ऊन. त्यातून तिसरा हिस्सा वजा करूनच सांगा. जास्त सांगून विकलेली गाडी अर्ध्या वाटेत थांबते, आणि त्यातला माणूस उतरून चालू शकत नाही.

कायदा आणि बॅटरीची पावती

ताशी २५ किमीपेक्षा कमी वेग, २५० वॅटपेक्षा कमी मोटार आणि मान्यताप्राप्त टेस्टिंग संस्थेचा दाखला, अशी गाडी मोटार वाहन धरली जात नाही, म्हणून नोंदणी आणि लायसन्स लागत नाही. मोटार त्याहून मोठी असेल तर आरटीओत विचारल्याशिवाय विकू नका. आणि "भाऊ, जरा वेग वाढवून द्या" म्हणणाऱ्याला नाही म्हणा. वायर कापून वेग वाढवणं हे तंत्रज्ञाचं काम नाही.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. त्यानंतर बॅटरीचे एआयएस-१५६ हे नियम डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं कडक झाले, पण ते नोंदणी लागणाऱ्या गाड्यांसाठी. तुम्ही विकणार ती कमी वेगाची गाडी. म्हणजे बॅटरीचा टेस्ट रिपोर्ट तुमच्या वतीनं कोणी तपासणार नाही, तुम्हीच मागायचा. पुरवठादार देत नसेल तर पुरवठादार बदला.

आता पैशाचं बोलू

बीबीएला आम्हाला गिऱ्हाइकाची आयुष्यभराची किंमत काढायला शिकवलं. दुकानात बसल्यावर त्याचा अर्थ कळला. हा उदाहरणाचा हिशेब बघा, तुमच्या भागाचे आकडे तुम्ही घाला.

समजा ६० घरं वार्षिक देखभालीत आहेत, घरटी वर्षाला २,४०० रुपये, म्हणजे महिन्याला २००. वर्षात चार भेटी: बॅटरीचं व्होल्टेज, ब्रेक, हवा, नटबोल्ट, चार्जर. जमा १,४४,०००. भेटी होतात २४०. दिवसाला पाच केल्या तर ४८ दिवसांचं काम. म्हणजे कामाच्या दिवसाला ३,००० रुपये. पेट्रोल आणि किरकोळ सामान ८०० धरलं तर २,२०० हातात. बॅटरी बदलणं आणि पार्ट यांचं मार्जिन वेगळं.

हे जमण्यासाठी फेरी ठरलेली पाहिजे. एक दिवस काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी. दुसऱ्या दिवशी निमगाव केतकी ते इंदापूर. ज्याचा फोन आला त्याच्याकडे धावलात तर पेट्रोलच कमाई खाईल.

"आपल्याकडे लोक सर्व्हिसचे पैसे देत नाहीत" असं तुम्ही म्हणाल. कारण आपणच "सर्व्हिस फ्री" म्हणून विकतो. फुकटची सर्व्हिस मार्जिन घसरलं की सगळ्यात आधी बंद होते. म्हणून बिलावर दोन ओळी ठेवा: गाडी इतके, जोडणी-शिकवणी-देखभाल इतके. पहिल्या दिवशी सांगितलेला पैसा लोक देतात. मागून मागितलेला देत नाहीत.

एकट्या या धंद्यावर पहिल्या वर्षी घर चालेल असं मी म्हणणार नाही. हा जोडधंदा आहे आणि तो इन्व्हर्टर-बॅटरीवाले, सायकल दुकानदार, मोटार रिवायंडिंगवाले, इलेक्ट्रिशियन यांना शोभतो. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात इलेक्ट्रिक आपे बनते. मोटार, कंट्रोलर, बॅटरी हे शब्द आपल्याकडच्या पोरांना नवे नाहीत. फक्त ते हात अजून या कामाला लागलेले नाहीत.

गिऱ्हाईक कुठून आणायचं?

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. पण राज्याचा आकडा घेऊन बँकेत जाऊ नका, गावाचा घ्या. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के हिस्सा दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, त्यामुळे तिच्याकडे नोंद असते. त्या निधीतून गाड्यांच्या दुरुस्तीचा विषय ग्रामसभेत मांडता येतो का, हे ग्रामसेवकांशी बोला. फिजिओथेरपिस्ट आणि मेडिकलवाल्यांना तुमचा नंबर द्या. दिव्यांग वित्त व विकास महामंडळाची ई-वाहनावरच्या फिरत्या दुकानाची योजना आहे. ज्याला असं वाहन मिळालंय, त्याची गाडी बंद म्हणजे त्याचा गल्ला बंद. त्याला तुमची गरज सगळ्यांत जास्त.

या आठवड्यात काहीही विकू नका. आपल्या आणि शेजारच्या गावात मिळून उभ्या असलेल्या तीन गाड्या शोधा. मीटर घेऊन जा, काय बिघडलंय ते वहीत लिहा, खर्च किती ते काढा. त्यातली एक, मालकाकडून फक्त सामानाचे पैसे घेऊन, चालू करून द्या. ती गाडी चौकात आली की तुमची पहिली जाहिरात झाली.

वहीत काय लिहिलंत ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत.