परके ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

बाहेरून आलेल्या माणसाने आपली भाषा, आपले सण आणि आपली प्रार्थना वेशीबाहेर ठेवूनच गावात पाऊल टाकावे, असा एक विचार सध्या मोठ्या प्रतिष्ठेने मांडला जातो. ‘येथे राहायचे तर आमच्यासारखे व्हा’ हे वाक्य ऐकावयास साधे, किंबहुना देशहिताचे वाटते. आम्हांला ते मान्य नाही. इतिहासाची साक्ष त्याच्या विरुद्ध आहे, आणि त्यातील एक साक्षीदार आमच्या नगर जिल्ह्यातच उभा आहे.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, येथे जर्मन व ऑस्ट्रियन नागरिकांसाठी स्थानबद्धतेची छावणी उघडली. व्यापारी, खलाशी यांच्याबरोबर मिशनरीही तारेच्या कुंपणाआड गेले. १९३९ मध्ये तोच प्रकार पुन्हा घडला. या वेळी तर हिटलरच्या छळातून जीव वाचवून भारतात आलेले ज्यू निर्वासितही, पारपत्र जर्मन वा ऑस्ट्रियन एवढ्याच कारणाने, ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले आणि चौकशी होऊन सुटका होईपर्यंत नगरला डांबले गेले. ज्याने त्यांना देशोधडीला लावले, त्याचेच ते हस्तक समजले गेले! माणूस न पाहता कागद पाहिला की असा न्याय होतो.

हेच साता समुद्रापलीकडेही घडत होते. १८९१ पासून गॅलिशिया व बुकोव्हिना या प्रांतांतील युक्रेनियन शेतकरी कॅनडात जाऊन माळराने नांगरीत होते. त्यांचे प्रांत ऑस्ट्रियन साम्राज्यात मोडत, म्हणून १९१४ ते १९२० या काळात त्यांच्यापैकी हजारोंना छावण्यांत कोंडून सक्तीच्या कामाला जुंपण्यात आले. १९१६ मध्ये मॅनिटोबा प्रांताने त्यांच्या द्विभाषिक शाळाही बंद केल्या. हेतू एकच : हे लोक लवकर ‘आमच्यासारखे’ व्हावेत. पण त्यांनी आपली भाषा आणि आपला पौर्वात्य उपासनाविधी सोडला नाही. पुढे १९४६ मध्ये सोव्हिएत सत्तेने युक्रेनमधील ग्रीक कॅथलिक चर्च बेकायदा ठरविले आणि १९८९ पर्यंत ते भूमिगत राहिले. त्या काळात त्याची उपासना उघडपणे चालू राहिली ती परदेशी गेलेल्यांच्या मंदिरांतून. त्यांनी ‘विरघळून’ जाण्याचा सल्ला ऐकला असता, तर केवढा ठेवा नष्ट झाला असता! १९७४ मध्ये कॅनडाच्याच अल्बर्टा प्रांताने सरकारी शाळांतून युक्रेनियन-इंग्रजी शिक्षण सुरू केले, आणि २००५ मध्ये त्या देशाच्या संसदेने स्थानबद्धतेच्या अन्यायाची कायद्याने दखल घेतली. ‘परक्यां’ची भाषा शाळेत आली म्हणून कॅनडा दुभंगला काय?

आता कोल्हापूरकडे पाहू. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे येथील छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व वृद्ध होते. सोव्हिएत सत्तेने १९४० व १९४१ मध्ये त्यांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हद्दपार केले होते; इराणमार्गे ते येथे पोहोचले. त्यांच्यापैकी अनेकांची गावे पूर्व पोलंडमधली, जेथे पोलिश, युक्रेनियन आणि ज्यू शेजारीशेजारी नांदत. १९४५ मध्ये सीमारेषा पश्चिमेकडे सरकल्या आणि त्यांतील कित्येक गावे सोव्हिएत युक्रेनमध्ये गेली. वळिवड्यात बसलेल्या माणसाचा गाव त्याच्या नकळत दुसऱ्या देशात गेला! अशा माणसाची ओळख कोणत्या कागदावरून ठरविणार?

कोल्हापूरने तो प्रश्न विचारला नाही. छावणीत पोलिश शाळा भरल्या, पोलिश भाषेत प्रार्थना झाल्या, नाटके झाली, बालवीरांची पथके उभी राहिली. त्यामुळे पंचगंगेकाठची मराठी आटली नाही. उलट आज वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

कोणी म्हणेल, ‘ते पाहुणे होते, परत जाणार होते, कायम राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी.’ हा आक्षेप तपासून पाहू. पोलिश निर्वासित गेल्यावर त्याच जागी फाळणीने उखडलेले सिंधी बांधव वसले आणि त्याचे गांधीनगर झाले. ते कायमचे राहिले, घरात सिंधी बोलत राहिले, आणि तेथे नावारूपाला आलेली कापडाची बाजारपेठ कोल्हापूरचीच बाजारपेठ आहे. आपलेपणा येतो तो सहवासाने आणि श्रमाने. जिभेवरची भाषा पुसल्याने नव्हे.

हे सारे आम्ही परक्यांच्या कणवेपोटी लिहीत नाही. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती माणूस पिढ्यान्‌पिढ्या याच मातीत राबतो, मराठीत रडतो, मराठीत प्रार्थना करतो. तरी ‘तुमचा धर्म परदेशी’ हा शेरा त्याच्या वाट्याला येतोच. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले, तेव्हापासून ख्रिस्ती लेखणी मराठीची सेवा करीत आली आहे. तरीही प्रमाणपत्र मागितले जाते. ते आम्ही देणार नाही. मागणाऱ्याचा अधिकारच आम्हांला मान्य नाही.

परंतु हाच न्याय आपल्या दारीही लागू करावयास हवा. अकोले तालुक्यातील ठाकर मुलाच्या बोलीला आपल्यातीलच काही शिक्षक हसतात. ऊसतोडणीला आलेल्या कुटुंबाला आपल्यातीलच काही जण ‘बाहेरचे’ म्हणून रविवारी मंदिराच्या मागच्या बाकावरही सामावून घेत नाहीत. स्वतःला परके म्हटल्याचे दुःख करणाऱ्यांनी दुसऱ्याला परके ठरविणे हा दुटप्पीपणा आहे. संत मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात अखेरच्या न्यायाचा जो निकष दिला आहे, त्यात परक्याचा स्वीकार केला की नाही एवढेच विचारले आहे. त्याची भाषा बदलली की नाही, हे विचारलेले नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. प्रत्येक धर्मग्रामाने आपल्या जुन्या नोंदवह्या जपाव्यात, वृद्धांच्या तोंडची गीते व ओव्या त्यांच्या हयातीत लिहून घ्याव्यात. आणि दारी आलेल्या नवख्यालाही त्याची गीते गाऊ द्यावीत. पहिले काम करून दुसरे टाळणाऱ्याला ‘आम्ही परके नाही’ असे म्हणण्याचा नैतिक अधिकार उरत नाही.