आल्प्सची कुरणे

आपल्याकडून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या मंडळींच्या कार्यक्रमपत्रिकेत युंगफ्राउयोख हे नाव बहुधा असतेच. आणि १९१२ साली पूर्ण झालेल्या तेथल्या लोहमार्गाने आयगर व म्योंख या दोन पर्वतांच्या पोटातून ३४५४ मीटर उंचीवरच्या स्थानकात जावे, मूठभर बर्फ एकमेकांवर उधळावे, छायाचित्रे काढावीत आणि सायंकाळी मुक्कामी परतावे, एवढ्यानेच आल्प्सचे दर्शन घडले, अशी समजूत रूढ होऊन बसली आहे. तेथून दिसणारी आलेच हिमनदी, आल्प्समधील सर्वांत मोठी, भव्य आहे हे कोण नाकारील? परंतु हिम हे कोणत्याही उत्तुंग पर्वताचे सामान्य लक्षण होय. आल्प्सचा स्वभाव ओळखायचा तर दरी आणि हिमरेषा यांच्या मधला हिरवा पट्टाच पाहिला पाहिजे.

याच पर्वतांच्या पायथ्याशी लाउटरब्रुनेनच्या दरीत, जिथे श्टाउबबाखचा प्रपात सुमारे तीनशे मीटरांवरून कोसळताना वाऱ्याने विस्कटून त्याचे निव्वळ तुषार होतात, तिथून मान वर करून पाहिले असता कड्यांच्या माथ्यावर जी मखमली कुरणे दिसतात, ती निसर्गाने आयती दिलेली नाहीत. शतकानुशतके गुरांनी चरून आणि माणसांनी उभ्या उतारावर लांब दांड्याच्या विळ्याने गवत कापून ती राखली आहेत. चराई थांबली की काही वर्षांत तेथे झुडपे माजतात आणि मागोमाग अरण्य येते.

या राखणीमागे पक्की वहिवाट आहे. आलेच हिमनदीच्या पलीकडे, वाले प्रांतातील ट्योर्बेल गावाच्या १५१७ सालच्या दस्तऐवजात असा निर्बंध आहे की, हिवाळाभर स्वतःच्या चाऱ्यावर जितक्या गाई पोसता येतील, त्याहून अधिक गाई कोणीही गावाच्या सामाईक कुरणावर सोडू नयेत. चराईच्या हक्काला माप कोणते लावावे, तर ज्याच्या त्याच्या गंजीतल्या गवताचे! आपल्या गायरानांची आज काय दशा आहे हे ठाऊक असणाऱ्याला या एका कलमाचे मोल निराळे सांगायला नको. एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने सामाईक संपत्तीवरील आपल्या १९९० सालच्या ग्रंथात ट्योर्बेलचे उदाहरण घेतले, ते उगीच नव्हे. थून सरोवराच्या वरच्या अंगाला युस्टिस्टाल येथे तर आजही सप्टेंबरात, गुरे खाली उतरण्याच्या सुमारास, उन्हाळाभर वर तयार झालेल्या चीजच्या चाकांची रास लाकडी कोठारांपुढे मांडतात आणि ज्याच्या गाईंनी जितके दूध दिले त्या प्रमाणात ज्याचा त्याला वाटा देतात.

म्हणून सहली आखणाऱ्यांनी हिमशिखराच्या दिवसाला आणखी एक दिवस जोडावा. लाउटरब्रुनेनहून पाळण्याने ग्र्यूच आल्पला चढावे आणि तेथून मोटारींना मज्जाव असलेल्या म्युरेन गावापर्यंतची, फारसा चढ नसलेली वाट पायी चालावी. आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ ही तिन्ही शिखरे समोर असतातच, आणि गुरांच्या गळ्यातल्या घंटाही कानी पडतात. मात्र वाट सोडून उभ्या गवतात शिरू नये. ते कोणाच्या तरी गाईंची हिवाळ्याची बेगमी असते.