मालक कोण?

एखाद्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपलेलें चिनी मातीचें भांडें दिसलें, कीं आपण विचारतों : हें कोणाचें? केवळ मालकाचें नांव सांगून या प्रश्नाचें उत्तर पुरें होत नाहीं, असें मला वाटतें.

इ. स. १७८६ मध्यें अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टननें चीनहून आलेलीं ३०२ भांडीं विकत घेतलीं. त्यांवर सिनसिनाटी या सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाचें चिन्ह रंगविलेलें होतें. तें रंगविणाऱ्या चिनी कारागिरांचीं नांवें मात्र आज कोणास ठाऊक नाहींत. पुढें वॉशिंग्टनच्या वस्तूंचा वारसा कस्टिस व मग ली या घराण्यांकडे गेला. १८६१ मध्यें यादवी युद्ध पेटलें, आणि ली-कुटुंबास आर्लिंग्टनचें घर सोडावें लागलें. जातांना मालकिणीनें किल्ल्या सेलिना ग्रे हिच्या हवालीं केल्या. सेलिना त्याच घरची गुलाम होती. सैनिक वॉशिंग्टनच्या वस्तू लांबवीत आहेत असें दिसतांच तिनें सेनापति मॅक्डॉवेल यांना कळविलें. उरलेल्या वस्तू सरकारी रक्षणाखालीं नेण्यांत आल्या. १९०१ मध्यें त्या ली-घराण्यास परत मिळाल्या.

कायद्याच्या दृष्टीनें भांडीं जशी मालमत्ता, तशीच तीहि! जिला स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, तिनें दुसऱ्यांचा वारसा राखिला. म्हणून घरांतील जुनीं भांडीं पाहुण्यांस दाखवितांना तीं विकत घेणाऱ्या पूर्वजाचें नांव अवश्य सांगावें. पण तीं घडविणाऱ्या, घासणाऱ्या व जपणाऱ्या हातांचीहि आठवण ठेवावी. त्यानें आपल्या अभिमानास कमीपणा न येतां खरेपणाच येईल.