"मिलिटरी आहेच की!"

बेंगळुरूच्या पोस्टिंगमध्ये हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं फिरतं. "काही झालं तर तुम्ही मिलिटरीवाले आहातच की!" आहोत ना. पण मंडळी, आम्ही आपणहून शहरात घुसत नाही. प्रशासनाची मागणी आली की बोटी गाडीवर चढतात. आणि आमचा पहिला प्रश्न असतो, कुठे? माणसं किती अडकलीत, पाणी किती खोल, ट्रक कुठवर जाईल? हे सांगायचं असतं शहराच्या आपत्कालीन नियंत्रण कक्षाने. तिथे पावसाळ्यापुरता दुसऱ्या खात्यातून उसना आणलेला कारकून बसवला असेल, तर तो बिचारा काय सांगणार?

सप्टेंबर २०२२ आठवा. बेळ्ळंदूर, आऊटर रिंग रोड पाण्यात, आयटीवाले ट्रॅक्टरवर बसून ऑफिसला. फोटो जगभर गेले. त्याच दिवसांत तिकडे मंड्या जिल्ह्यात कावेरीचं पाणी उपसणारं पंपिंग स्टेशन बुडालं, म्हणजे दारात पाणी आणि नळ कोरडा. सरकारने बेंगळुरूसाठी ३०० कोटी जाहीर केले. बुडाल्यावर!

पैसा नाही असं कुणी सांगू नये. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणीच करून दिली: मदतीला ४० टक्के, पुनर्बांधणीला ३०, धोका कमी करण्याच्या कामांना २०, आणि पूर्वतयारीला १०. शिवाय शहरी पुरासाठी बेंगळुरूला वेगळे २५० कोटी. त्यातून राजकालुवे, म्हणजे इथले मोठे पावसाळी नाले, बांधा, जरूर बांधा. नाल्याचं उद्घाटन करता येतं. रात्री तीन वाजता फोन उचलणाऱ्याचं करता येत नाही, गोची तिथे आहे.

"वर्षातून चार दिवसांसाठी बारा महिने पगार कशाला?" मग आमची ऑप्स रूम बंद करा की! गोळी रोज कुठे चालते? तरी शिफ्ट बदलते, सेट तपासला जातो, नकाशा ताजा ठेवला जातो.

मुंबईने २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस झेलला. आज तिथे १९१६ हा नंबर पोराटोरांना ठाऊक आहे. बेंगळुरूकडे तर येलहंक्याला राज्याचं आपत्ती निरीक्षण केंद्र आहे, पर्जन्यमापकांचे आकडे तिथे दर पंधरा मिनिटांनी येतात. पुढे वॉर्डात तो आकडा ऐकून मोटार आणि माणसं हलवणार कोण?

आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ ला दुरुस्ती झाली, राजधान्यांना आणि महापालिकांच्या शहरांना स्वतःचं आपत्ती प्राधिकरण करायची मुभा मिळाली. त्याच वर्षी बेंगळुरूच्या एका महापालिकेच्या पाच झाल्या. पाच आयुक्त, पाच इमारती, पाच पाट्या. या पाचही अंदाजपत्रकांत नियंत्रण कक्षाचं वेगळं लेखाशीर्ष हवं: तीन पाळ्यांची कायम माणसं, वायरलेस, जनरेटर, आणि वर्षातून दोनदा सराव. सरावाला आम्हालाही बोलवा. बोट कुठल्या गल्लीत शिरते आणि कुठे अडकते, ते कोरड्यात बघून ठेवू.