पोटदुखी की आणीबाणी? आधी घड्याळ पाहा!

महात्मा गांधींवर १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात अपेंडिक्सची तातडीची शस्त्रक्रिया झाली. कर्नल मॅडॉक शस्त्रक्रिया करत असतानाच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे झाले. गांधीजी तेव्हा येरवडा तुरुंगात होते. तिथून ससून जवळ होते. रुग्ण वेळेत पोहोचला, म्हणून कंदीलही पुरला.

आज सोनोग्राफी आहे, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आहे. पण मुळशीत ताम्हिणीकडच्या एखाद्या वाडीत रात्री पोट दुखू लागले, तर ‘गॅस झाला असेल’ म्हणत एरंडेल, पोट चोळणे आणि दुकानातली गोळी यातच रात्र सरते.

मार लागलेला नसतानाही तातडीने पोटाची शस्त्रक्रिया करावी लागते, त्याची नेहमीची कारणे अशी:

- अपेंडिक्स : दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकते. ते फुटले की पू पोटात पसरतो.
- जठराला किंवा आतड्याला छिद्र : अल्सर, वेदनाशामक गोळ्यांचा अतिरेक, अंगावर काढलेला टायफॉइड. पोट फळीसारखे कडक होते.
- आतड्यात अडथळा : अडकलेला हर्निया, जुन्या शस्त्रक्रियेनंतर चिकटलेली आतडी, पीळ, आतड्याचा क्षय. उलट्या होतात, पोट फुगते, शौच आणि वारा सरणे थांबते.
- गर्भनलिकेतील गर्भ : पाळी चुकलेल्या स्त्रीच्या ओटीपोटात दुखते, चक्कर येते. रक्तस्राव आतच होत असतो.

यातील बहुतेक रुग्ण वेळेत शस्त्रक्रिया झाल्यास वाचू शकतात. उशीर घात करतो. अडथळा असताना एरंडेल दिले तर धोका वाढतो. गोळीने दुखणे दबते, आजार नाही.

दोष एकट्या घरच्यांचा नाही. पावसाळ्यातला घाटरस्ता आणि पिरंगुट ते चांदणी चौक ही कोंडी रुग्णाचा वेळ खाते. म्हणूनच पौडसारख्या तालुक्याच्या गावी चोवीस तास सर्जन आणि भूलतज्ज्ञ असणे ही चैन नव्हे, गरज आहे. आशाताईंना ही लक्षणे नेमकी शिकवणे तर फारसे खर्चिकही नाही.

तोवर घरच्यांनी एवढे पाळावे : पोटदुखी काही तासांत थांबली नाही, किंवा सोबत ताप, उलट्या, कडक पोट, चक्कर यांपैकी काहीही असले, तर खाणेपिणे बंद करावे, जुलाबाचे औषध देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. सकाळची वाट पाहू नये.