एका रुपयाची तीन वजनं

बँकेच्या काउंटरवर चिल्लर घेऊन आलेल्या माणसाला काय वागणूक मिळते, ते एकदा उभं राहून बघा. आमच्याकडच्या एका शाखेत मंडईतल्या भाजीवाल्या मावशी रांगेत माझ्यापुढे होत्या. कापडी पिशवीत एकेक रुपयाची नाणी, शंभर-शंभराच्या पुड्या करून आणलेली, प्रत्येक पुडीच्या तोंडाला रबर. "चिल्लर घेत नाही, मोजायला माणूस नाही," असं उत्तर आलं, तेही मान वर न करता. "पुड्या मोजून आणल्यात साहेब," मावशी म्हणाल्या. साहेबांनी मागच्याची स्लिप मागितली. मागे मी होतो. मी स्लिप दिली नाही, आधी यांचं घ्या म्हणालो, तेव्हा कुठे चार पुड्या आत गेल्या. बाकीच्या पुड्या मावशी परत घेऊन गेल्या.

रिझर्व्ह बँकेच्या सूचना याबाबत स्पष्ट आहेत. बँकेच्या कोणत्याही शाखेने नाणी नाकारायची नाहीत. एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजन करून घ्यावीत. शंभराच्या पुड्या केल्या तर दोघांनाही सोयीचं. खात्यात किती नाणी भरावीत याला मर्यादा नाही. म्हणजे मावशी अक्षरशः नियमानुसार आल्या होत्या आणि नियम मोडला तो खुर्चीत बसलेल्याने. पगार नियमाने घ्यायचा आणि काम मर्जीने करायचं, याला माझ्या भाषेत मुजोरी म्हणतात.

पण सगळा दोष काउंटरच्या माथी मारून सरकारला सोडता येणार नाही. "वजन करून घ्या" म्हणणं सोपं आहे. वजन कशाचं करायचं? 1992 पासून चाललेला पोलादी रुपया 4.85 ग्रॅमचा. 2011 च्या मालिकेतला 3.79 ग्रॅमचा. 2019 चा 3.09 ग्रॅमचा. तिन्ही आज एकाच गल्ल्यात आहेत. एक किलो रुपये तराजूत टाकले, तर पहिले असतील तर सुमारे 206 भरतात, दुसरे 264, तिसरे 324. मिसळलेल्या नाण्यांचं वजन करून हाती काय लागणार? एकीकडे वजनाचा नियम काढायचा, दुसरीकडे रुपयाचंच वजन दोनदा बदलायचं आणि जुनी नाणी परत गोळा करायची नाहीत, हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे.

याहून संतापजनक गोष्ट पुढे आहे. 2011 चं दोन रुपयांचं नाणं 4.85 ग्रॅमचं, 25 मिलिमीटर व्यासाचं. जुना रुपयाही 4.85 ग्रॅमचा आणि 25 मिलिमीटरचाच. जुनं पोलादी पन्नास पैशांचं नाणं 3.79 ग्रॅमचं, 2011 चा रुपयाही 3.79 ग्रॅमचा, आकारही जवळजवळ तोच. म्हणजे आठ आण्याच्या अंगावर रुपयाचा छाप मारला आणि रुपयाच्या अंगावर दोनचा. डोळस माणूससुद्धा गर्दीत फसतो. लोकलमध्ये कंगवे आणि पिना विकणारा अंध विक्रेता बोटांनी नाणी ओळखतो. त्याच्या बोटांना आपण काय उत्तर देणार? 7 मार्च 2019 ला अंधांना ओळखता येईल अशी, किंमतीबरोबर आकार आणि वजन वाढत जाणारी मालिका आली, हे चांगलंच झालं. पण मागची नाणी चलनात तशीच राहिली, त्यामुळे त्या विक्रेत्याच्या हातात आजही सगळी सरमिसळच पडते.

मग अर्थशास्त्राचा आव आणणारे पुढे येतात. 2018 मध्ये माहितीच्या अधिकारात उत्तर मिळालं होतं की एक रुपयाचं नाणं पाडायला 1 रुपया 11 पैसे खर्च येतो. झालं, लगेच सल्ला: तोट्याचं नाणं बंद करा. अरे, नाणं एकदाच खर्ची पडतं का? 1992 चा रुपया अजून फिरतोय. तीस वर्षांत त्याने किती व्यवहार पुरे केले, ते धरून खर्च मांडा, मग तोटा दाखवा. आणि रुपया गेला, की किंमती कुठल्या दिशेने सरकतील हे सांगायला पंडित लागत नाही. पन्नास पैसे आजही कायदेशीर चलन आहे. एकही दुकानदार घेत नाही. साडेसत्तेचाळीसचा माल रोखीने अठ्ठेचाळीसला पडतो. फोनवरून पैसे भरणाऱ्याला मात्र बरोबर साडेसत्तेचाळीसच लागतात. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यानेच रोजच्या रोज हा भुर्दंड भरायचा. "सुट्टे नाहीत" म्हणून हातात चॉकलेट ठेवणाऱ्या दुकानदाराला पैशांऐवजी तेच चॉकलेट कुणी देऊ केलं, तर तो घेत नाही. त्याला ती वसुली आहे हे पक्कं ठाऊक असतं.

माझी मागणी साधी आहे. जुन्या वजनाची नाणी बँकांमार्फत पूर्ण किंमत देऊन परत घ्या आणि एका रुपयाचं एकच वजन ठेवा. तोवर प्रत्येक शाखेत नाणी मोजायचं यंत्र बसवा. आणि ज्यांची चिल्लर परत पाठवली जाते, त्यांनी गप्प बसू नये. शाखेकडे लेखी तक्रार द्या, पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. त्याला फी नाही, वकील लागत नाही. ज्यांना लिहिता येत नाही, त्यांचा अर्ज रांगेत मागे उभ्या असलेल्याने लिहून द्यावा.